कमरेचं आन् बंडीतलं

खुटबाव, गुरुवार. दिवेलागण.

निवडणूक लागली म्हणून ह्यांनी कमरेच्या पट्ट्याचं मोठं रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात जमा केलं आन् पावती गावभर दाखवली. आज धुवायला बंडी घेतली तर आतल्या खिशात पिस्तूल. एवढंसं, तळहातात मावंल. विचारलं तर म्हणाले, "तू भाकरी बघ."

कमरेचं लग्नात मिरवायला होतं. हे लपवलेलं कुणासाठी? निवडणुकीत ह्यांच्यासमोर सख्खा भाऊच उभा हाय. वर्षभर बोलले न्हाईत आन् उद्या त्याला मटणाला बोलावलंय! तळहातात मावतं, पण जीव घ्यायला पुरंल की.

न राहवून परड्यात जाऊला म्हणलं, "उद्या भाऊजींना पाठवू नगं. ह्यांच्या बंडीत पिस्तूल हाय."

ती म्हणाली, "आक्का, मीच सांगणार हुते, जेवण मोडा. ह्यांच्याबी बंडीत तसलंच हाय."