ब्राउझर बिघडलाय, म्हणून फोन केला

४ मार्च
कॉम्प्युटरला खूळ लागलंय. अ‍ॅड्रेस बारमध्ये काहीही टाइप करा, नेहमीचं सर्चचं पान येतच नाही. जाहिरातींनी भरलेलं एक पिवळं पान उघडतं. विचारावं एक, सांगतं भलतंच. ही माझ्याबद्दल असंच म्हणायची. संबंध काही नाही, सहज आठवलं.
ही बहिणीकडे गेलीय. हवापालट. शिवणयंत्रही नेलंय, पण हिला मुळातच सामान जास्त लागतं.
उद्या दुरुस्त करून टाकतो. ऑफिसातला प्रिंटर कोणी चालू केला होता? मीच.

५ मार्च
बंद करून चालू केला. पिवळं.
सेटिंगमध्ये शिरलो. अक्षरं मोठी झाली. आता पिवळं पान मोठ्या अक्षरांत येतं. प्रगती आहे.
घरात असली कामं हीच करायची. तेव्हा हिला फोन करणं ही निव्वळ टेक्निकल गरज. केला. मेव्हणीने उचलला. म्हणाली, ताई आंघोळीला गेलीय.

६ मार्च
सकाळी फोन, आंघोळ. दुपारी फोन, आंघोळ. संध्याकाळीही तेच. मेव्हणीकडे पाणी मुबलक दिसतं.

९ मार्च
हिनेच उचलला! विचारलं, फुकटचं काही डाउनलोड केलंत का? म्हटलं, छे. (हवामान दाखवणारं एक केलं होतं. तिच्याकडे थंडी किती पडलीय ते बघायला.) म्हणाली, रविवारी इथूनच तुमचा स्क्रीन उघडून बघते.
म्हणजे ओढ आहे. शर्ट इस्त्रीला टाकला.

१२ मार्च, रविवार
दाढी केली. निळा शर्ट, तिच्या आवडीचा. मागच्या पसाऱ्यावर चादर टाकली. मग कळलं, तिला फक्त स्क्रीन दिसतो. मी दिसत नाही.
पण तिचा बाण आला! स्क्रीनवर आपोआप फिरायला लागला. आल्याआल्या आधी आवराआवर, अगदी तिच्यासारखी. मी माऊसवरून हात काढून घेतला. घरात कोणीतरी आहे असं वाटलं. डोळे भरून आले. स्क्रीनच्या उजेडाने असेल.
तिने अ‍ॅड्रेस बारमध्ये ‘ब’ टाइप केला. खाली माझे जुने सर्च भराभर उलगडले. ‘बायको बोलत नाही उपाय’. ‘बायको परत कधी येते’. ‘बटाटे किती वेळ उकडावेत’. ‘बायकोची माफी कशी मागावी’.
बाण थांबला. आता मी बोलायला हवं होतं.
मी म्हणालो, बटाटे कच्चेच राहिले.
ती फोनवर म्हणाली, एवढं सगळं कॉम्प्युटरला विचारलंत, मला एकदा तरी विचारायचंत.
तिने हवामानवालं काढून टाकलं, सर्च पूर्वीसारखं लावून दिलं. जाताजाता तिचं स्वतःचं अकाउंटही माझ्या कॉम्प्युटरवरून काढलं. बाण गेला.

१३ मार्च, सकाळ
सगळं सुरळीत. जे टाइप करावं तेच येतं. घर मात्र खायला उठलंय. हिच्याशिवाय मला जमत नाही, हे निदान इथे तरी लिहून ठेवतो.
आज सरळ विचारायचं, परत येतेस का? बस्स. काळ्या दगडावरची रेघ.

१३ मार्च, संध्याकाळ
हवामानवालं पुन्हा डाउनलोड केलं. पिवळं पान आलं. फोन केला. म्हटलं, अगं, परत बिघडलाय.
ती म्हणाली, आता दुकानातल्या माणसाला दाखवा.
बरं म्हणालो. हवामानवाल्यावर बघितलं. तिच्याकडची थंडी गेलीय. आज छान ऊन होतं.