गच्चीवरून ऐकलेल्या हाका

२८ जून
कादंबरीचं शेवटचं प्रकरण लेकीकडे, मुक्ताकडे, टाइप करायला दिलं. त्यात शहराने कायदा करून पुसलेल्या पुराची आठवण एकट्याने सांभाळणारा म्हातारा स्मरणवाहक मरण्याआधी ती अकरा वर्षांच्या मुलीच्या हवाली करतो. तिला नकार द्यायची सोय नाही. मी दहावी नापास, रद्दीतली पुस्तकं वाचून इथवर आलो. प्रकरण जमलंय. ते दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही.

३० जून
मुक्ता अडून बसली. म्हातारा पोरीला समोर बसवतो तिथेच थांबली, पुढचं वाचलंच नाही.
"बाबा, तिला कुणी विचारलं का?"
म्हटलं, आठवण म्हणजे काय चहा आहे, घेणार का म्हणून विचारायला?
"चहा तरी कुठे विचारता? ओतूनच देता."
टाइप करणार नाही म्हणे. बरं.

४ जुलै
मंडईत नानांच्या कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर. कादंबरीतला पूर त्यांचाच. पानशेत धरण फुटलं तेव्हा लहान होते. तपशील पुन्हा पक्के केले. पाणी दिवसाउजेडी आलं (लोक उगाच रात्र लिहितात). अख्खी आळी एका गच्चीवर. खालच्या खोलीत अडकलेल्या सुमनमावशी एकेकाचं नाव घेऊन हाका मारत होत्या. नानांचंही. "बाळ्या, अण्णांना सांग रे." (बाळ्या म्हणजे तेव्हाचे नाना, अण्णा त्यांचे वडील.) कुणी उतरलं नाही. नंतर मोठ्यांनी ठरवलं, कुणी काही ऐकलं नाही. त्या गच्चीवरचे आता एकटे नाना उरलेत.
मुलाला ठाऊक असेल ना, विचारलं.
"छे. बायकोलाही नाही. अहो, तुम्ही परके, म्हणून तुम्हाला सांगितलं. घरात कोण ठेवतं असलं?"
गिऱ्हाईक आलं. कांदे तोलायला लागले.

५ जुलै
म्हणजे मलाही कुणी विचारलं नव्हतं.

८ जुलै
प्रकरणातून हाका काढून पाहिल्या. मागे उरलं पाणी, चिखल, वाहणारी भांडी. असा पूर कुणीही लिहील. परत घातल्या.

१० जुलै
आता म्हातारा मुलीला आधी विचारतो. चार वेळा लिहिलं, चारही कागद फाडले. काय आहे ते न सांगता विचारणं ही फसवणूक. आणि सांगितल्यावर विचारायचं काय उरलं?

१२ जुलै
आज पानशेतचा दिवस. पेपरात नेहमीचा फोटो. मुक्ता ऑफिसातून लवकर आली, समोर बसली.
"पुस्तक राहू दे. नानांनी खरं काय सांगितलं?"
वाईट आहे, म्हटलं.
"ते दिसतंय तुमच्याकडे बघून. मी विचारतेय ना? मग सांगा."
सांगू का म्हणून आधी नानांना विचारायला हवं होतं. तोंडातून मात्र निघून गेलं, "सगळे गच्चीवर होते." तेवढंच.
हे लिहितोय, ती अजून समोरच बसलीय, पुढचं ऐकायला.