आढळून येत नाही

३ जुलै
कंबर पुन्हा धरली. तहसीलच्या रेकॉर्ड रूमची खुर्ची इतकी ठेंगणी की टेबल हनुवटीला येतं. जानेवारीत अकोल्याहून बदलून आले तेव्हा आधीच्या बाबूंनी किल्ल्यांसोबत खुर्चीवरचा बस्ताही ताब्यात दिला. लाल फडक्यात बांधलेली जुनी रजिस्टरं. "हा काढू नका मॅडम, त्याच्याबिगर लिवनं होत नाही." वर घरची उशी टाकली. तेवढीच काय ती सरकारी सोय!

७ जुलै
रहीमभाई बागवान आले. फळांची गाडी लावतात. मुलीचा, शबानाचा, नर्सिंगला नंबर लागलाय. जात पडताळणीला आजोबांच्या जन्माची नोंद हवी. १६ तारीख शेवटची. दोन तास बस्ते सोडले. धूळ, शिंका, एक पाल. त्यांच्या गावचं रजिस्टर नाही.
"एक डाव आखीन पाहून घ्या ना मॅडम. पोरगी जेवून नाही राहिली."
पाहते म्हटलं.

९ जुलै
पाहिलं नाही. मीटिंगची माहिती, वरून फोनवर फोन. शेवटी उत्तर टाइप केलं: 'सदर नोंद अभिलेखात आढळून येत नाही.' सही, शिक्का. र.भाईंनी कागद दोन्ही हातांनी घेतला, टेबलावर सहा केळी ठेवली. नको म्हणेपर्यंत गेलेसुद्धा. केळी मी खाल्ली नाहीत. शिपायाला दिली.

१४ जुलै
नवी खुर्ची आली, एकदाची. वानखडे शिपाई बस्ता रॅकवर ठेवायला निघाला, फडक्यावरची चिठ्ठी वाचून थांबला.
"मॅडम, हे त त्या बागवानचंच गाव होय ना?"
सोडला. चौथ्या पानावर आजोबा. बापाचं नाव, जात बागवान, शाई अजून काळीभोर. सहा महिने मी त्यावर बसले होते. लाज वाटली. फार.
साहेबांना सांगितलं. "आता काहून उकरून राहिल्या? 'नाही' म्हणून सही तुमचीच. नोटीस तुमालेच निघन."
खोटं बोलत नाहीत. प्रमोशनची यादी याच महिन्यात आहे.

१५ जुलै
नक्कल तयार. सोबत टिपणी: शोध नीट घेतला नाही, चूक माझी. नकलेवर सही साहेबांची लागते, म्हणून त्यांच्या टेबलावर ठेवली. साहेब दिवसभर अकोल्याला.
र.भाईंना फोन केला. त्यांनीच आधी विचारलं, "भेटलं का जी?"
हो म्हटलं. कुठे ते सांगता आलं नाही.
"तुमी लय शोधलं असन मॅडम. अल्ला तुमचं भलं करो."
फोन ठेवून संडासात जाऊन रडले. या वयात.

१६ जुलै, दुपार
साहेब अजून नाहीत. फोन उचलत नाहीत. अमरावतीला पडताळणी समितीकडे पाचपर्यंत कागद पोचला पाहिजे, दीडची एसटी गेली. शबाना आली आहे बापासोबत. सारखी ओढणीनं हात पुसते. बाहेरचा बाक मोडका, म्हणून तिला आत नव्या खुर्चीवर बसवलं. "तुमी बसा ना मॅडम," म्हणाली.
मी उभ्यानंच लिहिते आहे. आज बसवत नाही.