सहा मासे आणि शास्त्रशुद्ध लाकूड

सोमवार, ३ फेब्रुवारी १९४७
माशांच्या पेटीत कोणते लाकूड घातले तर मासे मरत नाहीत? मला माहीत नाही. कबूल करायला लाज कसली? बी.ए.ला लाकूड नव्हते.
छावणीतला एक गोरा साहेब विलायतेला परत चालला. त्याने आमच्या मुलींच्या शाळेला काचेची पेटी आणि सहा सोनेरी मासे दिले. पेटी अगदी उघडीबोडकी, आडोशाला एक लाकूडही नाही. मासे कच्च्या कैद्यांसारखे येरझारा घालतात.
एकवीस तारखेला डिप्टीसाहेब तपासणीला येणार. निसर्ग-अभ्यासाचा कोपरा पसंत पडला तर माझी नोकरी कायम, असे मुख्याध्यापिका सरोजिनीबाई म्हणाल्या. घरातली पहिली पदवीधर मी. संकल्प: लाकूड शास्त्राने निवडायचे, कुणाला विचारून नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, देव्हाऱ्यातले चंदनाचे खोड देऊ केले. शास्त्रात देव आणायचा नसतो, असे मी शांतपणे सांगितले. त्यांनी खोड पुसून परत देव्हाऱ्यात ठेवले.
मोडक्या खुर्चीचा सागवानी पाय पेटीत घातला. पाण्यावर पॉलिशचा तवंग. लगेच काढला. प्रयोग यशस्वी: सागवान नको, हे सिद्ध.

सोमवार, १० फेब्रुवारी
कडुलिंब! आपण त्याने दात घासतो, म्हणजे माशांनाही हितकर. ओली फांदी घातली. शाळेची शिपाईण बायडाबाई म्हणाली की लिंब कडू असतो. औषध कडूच असते, हे तिला समजावले.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
एक मासा आडवा पोहतो आहे. नवी पद्धत दिसते.
दुपारी ४. त्याने पोहणे थांबवले.
फांदी काढली. पाच मासे पेटीला अधिक शोभतात.

रविवार, १६ फेब्रुवारी
चांदबीबीच्या महालाच्या डोंगरावरून स्वतः लाकूड आणले. करडे, वाकडे, जणू चित्रातले. काटे काढताना बोटे सोलली. विज्ञानाला त्याग लागतोच.

सोमवार, १७ फेब्रुवारी
बायडाबाईने लाकूड ओळखले. म्हणाली, "बाई, ह्ये हिंगणबेट हाय. मासं धराया आमी डोहात ह्येचीच साल ठेचून टाकतो. मासं आपसूक वर येत्यात."
मला आनंद झाला. आमचे मासे सारखे तळाशी बसतात. डिप्टीसाहेबांना दिसणार कसे? तिला तसे सांगितले.
"वर येत्यात बाई, पन खाली जात न्हाईत."
अशिक्षित माणसे निरीक्षण करतात, पण त्यांना निष्कर्ष काढता येत नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी
दुपारी १२. लाकूड घातले. साल थोडी ठेचली. लोकज्ञानाला शास्त्राची जोड.
दुपारी ३. दोन मासे वर. फार सुरेख दिसतात.
सायंकाळी ५. पाचही वर. बायडाबाईने पेटीकडे पाहिले आणि खोलीची किल्ली मागितली. मी समाधानाने घरी आले.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी
सकाळी पेटीत माझे लाकूड नव्हते. पाणी नवे, त्यात एक काळा ओंडका, त्याच्याआड दोन मासे फिरत होते. तीन बायडाबाईने कुंपणाशी पुरले होते.
डिप्टीसाहेबांनी विचारले, हेच लाकूड का निवडले? मी पदराने पेटीची काच पुसू लागले. दारातून बायडाबाई म्हणाली, "साहेब, बाभळीचा हाय. भावाच्या हिरीत ईस वर्सं पडून हुता. जे इख निघायचं ते कवाच निघालं. वर उकळून घेतला."
साहेबांनी शेरा लिहिला: कोपरा उत्तम. मग माझ्याकडे पाहून खाली आणखी एक ओळ: शिक्षिकेस अजून एक वर्ष उमेदवारीवर ठेवावे.
वर्षभर अभ्यासाला सवलतच मिळाली म्हणायची.

सोमवार, २४ फेब्रुवारी
डिप्टीसाहेबांना विज्ञान समजत नाही, असे सकाळी अण्णांना सांगितले. "आणि माशांना?" त्यांनी विचारले. मी डबा घेऊन निघाले.
आज निसर्ग-अभ्यासाच्या तासाला बायडाबाईंना फळ्यापाशी उभे केले. त्या आधी लाजल्या, मग थांबेनात. मी मुलींच्या बाकावर बसले आणि सगळे वहीत उतरवून घेतले.