साडेदहाची सावली

५ जानेवारी, सोमवार

आलो बाई एकदाचे! ट्रकवाल्याने कपाट जिन्यात अडकवलं, एक कुंडी फोडली आणि वर मलाच ऐकवलं की ताई, सामान जरा जास्तच आहे. जास्त कसलं डोंबलाचं, दोन माणसांचं सामान. मी आणि बाबा. पण घर छान मिळालं. दोन खोल्या, मोठ्या खिडक्या, ऑफिस चालत दहा मिनिटांवर, आणि मुख्य म्हणजे डोक्यावर आपली स्वतंत्र गच्ची. डॉक्टरांनी बाबांना रोज सकाळी तासभर उन्हात बसायला सांगितलंय. घर बघताना मी नळाला पाणी किती येतं तेसुद्धा विचारलं नाही, गच्ची बघितली आणि हो म्हणून मोकळी झाले.

बाबा आल्याआल्या खुर्ची घेऊन वर गेले आणि इथून दिसतं काय, नुसत्या टाक्या, असा शेरा मारून बसले. म्हणजे आवडलंय.

दादाला पोचल्याचा फोन केला. तो म्हणाला बरं झालं, माझ्याही डोक्यावरचं ओझं उतरलं. त्याच्या! तीन वर्षांत त्याने बाबांना धड चार दिवस ठेवून घेतलं नाही. आधी वहिनीची पाठ, मग मुलांचे अभ्यास, मग घराला रंग. कारणं संपली तेव्हा म्हणाला, तू एकटीच आहेस, तुला सोपं जातं. जसं काही लग्न न करणं म्हणजे मी बाबांसाठी राखून ठेवलेली रिकामी खोली. जाऊ दे. नवं घर, नवी वही, उद्यापासून नवी नोकरी. आज चिडायचं नाही असं ठरवलंय.

६ जानेवारी, मंगळवार

काम काय आहे ते बाबांना समजावताना नाकी नऊ आले. तू फोटो पुसतेस म्हणजे फडक्याने का, हा त्यांचा प्रश्न. म्हणून इथे नीट लिहून ठेवते.

ऑनलाइन नकाशात आपण वरून दिसणारे जे फोटो बघतो ते उपग्रह काढतो. तो या भागावरून रोज सकाळी बरोबर साडेदहाला जातो आणि त्याचे फोटो दुसऱ्या दिवशी नऊला आमच्याकडे येतात. त्याचा कॅमेरा लाल, हिरवा, निळा हे रंग क्षणभराच्या अंतराने टिपतो. घरं-झाडं जागची हलत नाहीत, म्हणून रंग एकावर एक नीट बसतात. पण मधूनच विमान गेलं तर ते तेवढ्यात पुढे सरकलेलं असतं आणि फोटोत एकामागे एक तीन रंगीत विमानं उमटतात. लोकांना वाटतं उडती तबकडी. मग पत्रांवर पत्रं! आज एका गृहस्थांनी कळवलंय की त्यांच्या गॅरेजवर इंद्रधनुषी यान तीन महिने घिरट्या घालतंय आणि आम्ही सगळे झोपलोय.

तर फोटो नकाशावर चढण्याआधी ही विमानं पुसायची, म्हणजे आदल्या दिवशीच्या फोटोतला तेवढा तुकडा वर चिकटवायचा. आमच्या साहेबांना सगळे पाठीमागे खोडरबर म्हणतात. माझ्या जागेवर आधी जो होता त्याची तर कमालच. पठ्ठ्या विमान पुसायचा आणि जमिनीवर पडलेली त्याची सावली विसरायचा! वर आकाशात काही नाही आणि खाली शेतात आख्ख्या विमानाची सावली. पहिले काही दिवस मला त्याच्या सावल्याच निस्तरायच्या आहेत. खोडरबरांनी एक खूण शिकवली. विमान उंच असलं की सावली पुसट आणि पसरट पडते. जितकं खाली येईल तितकी ती गडद आणि रेखीव होते.

९ जानेवारी, शुक्रवार

दोनशेच्या वर सावल्या पुसल्या. डोळे चुरचुरतात, पण हात बसला. खोडरबर म्हणाले, बरी आहात. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे खूप, असं शेजारच्या टेबलावरून कळलं.

घरी आले तर बाबांची कुरकुर चालू. चहा गार, उशी टणक, शेजारी खोकतात. मी दादाला फोन लावला आणि चांगलंच फैलावर घेतलं. म्हटलं, एक महिना ने, निदान तुझ्या मुलांना आजोबा कसे दिसतात ते तरी कळेल. मग वहिनी फोनवर आली आणि तिची पाठ दुखायला लागली.

१२ जानेवारी, सोमवार

आज एक विचित्रच सावली सापडली. आधीच्याच्या जुन्या फोटोंत नाही, कालच्या ताज्या फोटोत, ज्याला अजून कुणी हातसुद्धा लावला नव्हता. कुणाच्या तरी अंगणात पडलेली, अगदी पुसट. वर विमान नाही. आणि सावलीला पंखही नाहीत. लांबट, मधे फुगलेली, एका टोकाला कंगव्यासारखे दाते. तिच्या मधोमध अंगणातलं कुणीतरी माणूस, टिंबाएवढं. ढगाची असेल म्हटलं आणि पुसून टाकली.

मग सगळेच नवीन लोक जे करतात ते मी केलं. लगेच पुढचा फोटो आपल्या घराचा उघडला. सापडली की गच्ची! आणि गच्चीत एक पांढरं टिंब. बाबा! मला इतकं हसू आलं. संध्याकाळी त्यांना सांगितलं तर म्हणाले, केस विंचरलेले होते का माझे? आम्ही दोघं कितीतरी दिवसांनी एकत्र हसलो.

१३ जानेवारी, मंगळवार

ती सावली आज आमच्या गच्चीवर आहे.

तोच आकार, तेच दाते. पुसटच, पण कालच्यापेक्षा ठळक. बाबांचं टिंब बरोबर मधे. कालचं अंगण उघडून पाहिलं तर तिथे स्वच्छ ऊन. खोडरबरांना दाखवली. ते म्हणाले, तुमच्याच हातून चिकटली असेल, पुसा आणि पुढे चला. चिकटवायला मी काय शाळेत आहे? ताज्या फोटोला मी हात लावलाच नव्हता. पुसायचं धाडस मात्र झालं नाही. का ते सांगता येत नाही.

घरी बाबांना विचारलं, सकाळी उन्हात बरं वाटलं ना. म्हणाले, साडेदहाच्या सुमारास हुडहुडी भरली, ढग आला असावा. आज दिवसभर आकाशात ढग नव्हता.

१४ जानेवारी, बुधवार

आणखी गडद. नऊपासून आधीच्याची कामाची नोंद चाळत बसले. कुठला फोटो पुसला, त्यानंतर कुठला उघडला, सगळं वेळेसकट त्यात असतं. कंगव्याची सावली त्याला सप्टेंबरात दिसली होती, एका अंगणात. त्याने पुसली, आणि नंतर जो फोटो उघडला त्यात दुसऱ्या दिवशी ती होती. तिथे एक बाई दोरीवर कपडे वाळत घालत होती. पहिल्यांदा दिसल्यापासून सहा दिवस सावली गडद होत गेली. सातव्या दिवशी सावली नाही आणि बाई नाही. कपडे मात्र पुढचे एकवीस दिवस दोरीवरच होते. मी एक-एक फोटो मोजला.

त्याला फोन केला. कंगव्याची सावली म्हटल्यावर त्याने आधी विचारलं, पुसलीत का. मग म्हणाला, पहिलं अंगण माझं होतं, माझी मुलगी तिथे खेळत होती. पुसल्याने ती जात नाही, पुढे सरकते. तुम्ही नंतर ज्याचा फोटो उघडाल त्याच्या डोक्यावर. मला हे ठाऊक नव्हतं, असं तो दोनदा म्हणाला. मग म्हणाला, तुम्हाला तरी आता ठाऊक आहे. आणि ठेवून दिला.

म्हणजे माझ्या बाबांवर ती मीच आणून ठेवली. हौसेने.

सव्वादहाला पुसली आणि एक ओसाड माळ उघडला. तिथे चिटपाखरू नाही. जा म्हटलं तिकडे, मर.

१५ जानेवारी, गुरुवार

परत आमच्याच गच्चीवर. अजून काळी. रिकाम्या जागी ती जात नाही, तिला खाली माणूस लागतं.

आणि काल मी गच्चीच्या दाराला कुलूप लावून आले होते. तरी फोटोत टिंब आहे. घरमालकीण सांगत होती की बाबा साडेदहाच्या आधी दारावर मुठी आपटत होते, इतक्या की तिने तिच्याकडची किल्ली आणून उघडलं. हातांना खरचटलंय. बाबांना विचारलं तर त्यांना काही आठवतच नाही. दुधाचं भांडं उचलताना ज्यांचे हात थरथरतात त्यांनी —

रविवारपासून मोजलं. सातवा दिवस शनिवार.

साडेनऊला पुसली. नंतर कोणाला उघडायचं? पाऊण तास नुसती पडद्याकडे बघत होते. बाजार उघडू? शाळेचं मैदान? कोणाची तरी आई, कोणाचं तरी पोर. मग हाताने आपणहून पत्ता टाकला. दादाचं घर. दहा ते अकरा तो गच्चीवर कुंड्यांना पाणी घालतो, वर्षानुवर्षं, मग दुकान उघडतो.

तो माझा भाऊ आहे. मला सगळं कळत होतं. मी शांतपणे उघडलं. तीन वर्षं त्याने बाबा माझ्यावर ढकलले, आज मी एक वस्तू त्याच्यावर ढकलली. इथे खोटं लिहून काय मिळणार आहे? मला बरं वाटलं.

१६ जानेवारी, शुक्रवार

दादाच्या गच्चीवर. शाईसारखी काळी. खाली एक टिंब, हातात काहीतरी, झारी असेल. आमची गच्ची लख्ख.

बाबा वाचले. जेवणाच्या सुट्टीत बाथरूममध्ये जाऊन रडले. कोणासाठी ते मला नका विचारू.

संध्याकाळ

घर रिकामं. बाबांची काठी नाही, चष्मा नाही, औषधांची पिशवी नाही. घरमालकीण म्हणाली, दुपारी तुमचे भाऊ गाडी घेऊन आले होते, घेऊन गेले, किती गुणी माणूस.

दादाला फोन केला. खूश होता. म्हणाला, तू त्या दिवशी बोललीस ते फार लागलं मला. महिनाभर राहू देत. गच्चीवर खुर्चीसुद्धा टाकून ठेवलीय.

तीन वर्षं! तीन वर्षं मी तोंड वाजवलं तेव्हा तुला लागलं नाही रे, आणि आज —

त्याला म्हटलं, बाबांना उद्या गच्चीवर जाऊ देऊ नकोस, तूही जाऊ नकोस. का ते सांगता येईना. तो म्हणाला, माझ्या घरातही तुझीच हुकूमत का? मी ओरडले. त्याने फोन ठेवला. नंतर उचललाच नाही.

१७ जानेवारी, शनिवार

आठ वाजता वहिनीने उचलला. बाबा सातपासूनच वर बसलेत. थंडी आहे म्हटलं तर ऐकत नाहीत, उठवायला गेलं तर अंगावर येतात. दादा त्यांच्यापाशीच उभा आहे, झारी घेऊन. हाक मारली तर वळत नाही. मस्करी करतात दोघं, म्हणाली, आणि लगेच विचारलं, तू कधी येतेस?

नऊला फोटो. ते काळं आता सावली वाटतच नाही. भोक वाटतं.

पुसली. आता पुढचा फोटो.

माळ चालत नाही. माणूस लागतं. यादीत हजारो छपरं. एकही मला ओळखत नाही. एक बोट दाबायचं, बस्स. दोरीवरच्या कपड्यांसारखं कोणाचं तरी काहीतरी वाळत राहील आणि मी घरी जाऊन चहा —

दहा वाजता उघडला. आमच्या घराचा. खोडरबर मागेच उभे होते, म्हणाले स्वतःचं घर बघायची ही वेळ आहे का? म्हटलं, हो साहेब, हीच आहे.

पळत आले. दहा पंचवीस. गच्ची. वही गुडघ्यावर. वर येताना पायांना सांगावं लागलं नाही, आपणहून चढले.

वहिनीचा फोन. बाबा खाली आले, चहा मागतायत, गार आहे म्हणून चिडलेत. दादा जिन्यात बसलाय, त्याला घाम फुटलाय. बाबांना फोन दे म्हटलं. ते म्हणाले, तू कुठे आहेस गं? उन्हात बसलेय म्हटलं. टोपी घाल, म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा.

भीती वाटते. फार वाटते. दादा, तुझ्यासाठी नाही हं, बाबांसाठी. नाही, तुझ्यासाठीही. लिहिते म्हणजे वर बघावं लागत नाही —

साडेदहा.

टाकीवर ऊन आहे. कठड्यावर ऊन आहे. वर बघितलं, काही नाही. नुसतं निळं.

पायाशी कड आली. सुरीने कापल्यासारखी. दाते मोजता येतात. गार —

गुडघ्यापर्यंत. पाय दिसत

वर अजूनही काही नाही, निळं, पण निळं खाली येतंय, आणि त्यात कोणीतरी कपडे वाळत घालणारी बा