करड्या पानाची तक्रार

प्रिय ढब्या,

पस्तिशीच्या माणसाला, त्यातून एका मुलीच्या बापाला, अजून या नावाने हाक मारते म्हणून चिडू नकोस. दिवसाला चार मेसेज करणारी बहीण पोस्टाने पत्र का पाठवते, असं तुला वाटलं असेल. तुझा तपासणीचा रिपोर्ट मी गुरुवारी पाठवला आणि तेव्हापासून तू मला चारदा कळवलंस की फाईल उघडत नाही. पाकीट उघडत नाही असं काही तुला म्हणता येणार नाही.

तुझी तक्रार मला पाठ आहे. लॅबच्या मदतीच्या फोनवर बसून मला बारा वर्षं झाली. रिपोर्टवर क्लिक केलं की नुसतं करडं पान येतं, असं दिवसातून वीस जण सांगतात. मग माझी पोथी सुरू होते. फाईल पूर्ण उतरली आहे का ते बघा. ब्राउझरमध्ये साठलेला जुना कचरा काढून टाका. दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडून बघा. तरीही करडंच दिसत असेल तर ब्राउझरचा नाद सोडा, फाईल कॉम्प्युटरवर उतरवून घ्या आणि पीडीएफ वाचायच्या प्रोग्राममध्ये उघडा. इथवर येईपर्यंत दहातल्या नऊ जणांचं काम होतं. एक काकू तर ते कोरं पान छापून थेट काउंटरवर घेऊन आल्या होत्या. मी खोटं बोलत नाही, हा घ्या पुरावा, म्हणाल्या.

खरं तर पुराव्याची गरजच नव्हती. पहिल्याच दिवशी आमच्या मोठ्या बाईंनी मला बजावलं होतं की फोनवरचा माणूस खरं बोलतोय असंच धरून चालायचं, चूक आपल्याकडे शोधायची. दुसरा नियम असा की कुणाचाही रिपोर्ट आपण वाचायचा नाही. पान दिसतंय का एवढंच बघायचं. हे दोन्ही नियम माझ्या इतके अंगवळणी पडले आहेत की घरी आलेलं पत्रसुद्धा मी आधी नुसतं बघते.

याच दोन नियमांनी आपल्या घराचा घात केला. तुला हे मी कधी नीट सांगितलं नाही. गेल्या वर्षी बाबांनी आमच्याच लॅबमध्ये रक्त दिलं होतं. रिपोर्ट आला त्या दुपारी त्यांचा फोन आला की पान करडं येतंय. मी सगळी पोथी वाचली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी फाईल तीनदा नव्याने पाठवली. छापून आणते म्हटलं तर म्हणाले, कागद कशाला वाया घालवतेस, त्यात विशेष काही नसणार. रविवारी येऊन बघते म्हटलं तर आईला घेऊन बाहेर जायचं आहे म्हणाले. मग तो विषय मागे पडला. मला तेव्हाच कळायला हवं होतं रे. चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केलेला हा माणूस. लिफ्टमधला बिघाड नुसत्या आवाजावरून ओळखायचा. शेजाऱ्यांचा मिक्सर बिघडला तरी तो उघडल्याशिवाय याला झोप लागायची नाही. आणि असा माणूस मला सांगतोय की एक फाईल उघडत नाही, जाऊ दे! मी मात्र बारा वर्षांच्या सवयीने चूक आपल्याकडे शोधत बसले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आठ महिन्यांनी त्यांचे पाय सुजले आणि जिना चढताना दम लागायला लागला, तेव्हा आईने मला बोलावलं. पुढचं तुला माहीत आहे. डॉक्टर म्हणाले की हे आठ महिने हातात असते तर औषधांवर बराच काळ निभावलं असतं. आता दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ निकामी झाली आहेत. त्या दिवशी लॅबमध्ये जाऊन मी नोंद काढली. आमच्याकडे कोणती फाईल कधी उघडली हे सगळं लिहिलेलं असतं. बाबांनी तो रिपोर्ट आल्यापासून पाच मिनिटांत उघडला होता. मला फोन करायच्या आधी. त्या आठवड्यात सोळा वेळा उघडला होता. ही गोष्ट मी त्यांना अजून सांगितलेली नाही. आईलाही नाही.

आठवड्यातून तीनदा आम्ही त्यांना डायलिसिसला नेतो. हात पसरून चार तास पडून असतात. परवा नर्सला म्हणाले, या मशीनच्या पंपाचा आवाज बदललाय, बघून घ्या. तिने हसण्यावारी नेलं, आणि संध्याकाळी ते मशीन खरोखरच दुरुस्तीला गेलं. आईला त्याचं कोण कौतुक! पण खोलीतून बाहेर आली की ती बाकावर बसते आणि पिशवीतली औषधं पुन्हा पुन्हा मोजते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे की डायलिसिसवर ते फार दिवस तग धरणार नाहीत, घरातलं कुणी मूत्रपिंड देत असेल तर लवकर ठरवा. आईचा रक्तगट जुळत नाही. माझं होणार नाही असं डॉक्टरांनी मागेच सांगितलं. राहिलास तू.

काल मी तुझ्या फाईलची नोंद काढली. रागावू नकोस, रिपोर्ट वाचलेला नाही. तू तो नऊ वेळा उघडला आहेस. जुळत नाही असं त्यात असतं, तर एकदा वाचून तू लगेच फोन केला असतास. आधी मला भयंकर राग आला. भाजी चिरता चिरता मी तुला इतकं बोलले की शेवटी सुरी खाली ठेवली. मग आठवलं की तुझ्या घरात पाच महिन्यांचं बाळ आहे. आणि नाही म्हणायचं असलं की फाईल उघडत नाही म्हणायचं, हे आपल्या घराण्यातच आहे. सगळे एकाच माळेचे मणी.

तुला एक गोष्ट बहुधा ठाऊक नसेल. देणाऱ्याचं मन नसेल तर त्याने एकट्याने डॉक्टरांना भेटून तसं सांगायचं. ते घरच्यांना कारण सांगत नाहीत. हे मूत्रपिंड योग्य नाही, एवढंच म्हणतात, आणि पुढे कुणी विचारायचं नसतं. डॉक्टर अगदी सहज सांगतात, चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. आईने तर मला जवळ घेतलं होतं आणि म्हणाली होती, तुझा काय दोष गं. माझा रिपोर्ट जुळला होता, ढब्या. तीन महिन्यांपूर्वी. मी घाबरले. मुलांची शाळा, नोकरी अशी कारणं तेव्हा स्वतःला सांगितली, पण खरं म्हणजे नुसती घाबरले, आणि मग तुला तपासणीला बोलावलं. या तीन महिन्यांत बाबा किती खंगले ते तपासणीपुरता येऊन गेलास तेव्हा तुला नीट दिसलं नसेल, मी रोज पाहते आहे. आज सकाळी डॉक्टरांकडे जाऊन सही करून आले. येत्या पंधरा तारखेला ऑपरेशन आहे. हे पत्र तुला पोचलं की आईबाबांना सगळं खरं सांगणार आहे, पण आधी तुला सांगायचं होतं, कारण माझं ओझं मी तुझ्या डोक्यावर टाकून वर तुलाच फाईल उघडायच्या युक्त्या शिकवत होते. मला माफ कर. तू चौदाला ये. मी आत असेन, तेव्हा आईजवळ कुणीतरी हवं.

तुझीच, भित्री पण थोरली,
ताई