फ्रेमच्या मापाचं चित्र

प्रिय कपिल,

पार्सल काल मिळालं. बबल-रॅपचे पदरावर पदर, चारी बाजूंनी टेप, वर लाल शाईत 'नाजूक वस्तू'. पॅकिंगची घेतलीस त्याच्या निम्मी काळजी आतल्या वस्तूची घेतली असतीस, तर मला हे पत्र लिहावं लागलं नसतं. फोन मुद्दामच करत नाही. फोनवर तू 'ताई, ऐक ना गं' म्हणतोस आणि मी ऐकते. पन्नाशी आली तरी माझी ती खोड गेलेली नाही. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही, म्हणून आज कागद.

चित्र माझं नव्हे, हे तुला नेतानाच सांगितलं होतं. ते आमच्या खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ लेन्झचं. त्यांचे यजमान तरुणपणी खडकांचा अभ्यास करायला न्यू मेक्सिकोत गेले, तिथे एका झूनी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी जमातीतल्या, चित्रकाराच्या घरी महिनोन्महिने राहिले-जेवले. निघताना त्याने आपल्या गावाचं हे जलरंगातलं चित्र त्यांच्या हातात ठेवलं. तेव्हापासून ते इथे जर्मनीत, आखनला, लेन्झांच्या जेवणाच्या टेबलासमोर होतं. आता यजमान गेले, फ्राऊ लेन्झ घर आवरताहेत, आणि चित्र जिथून आलं तिथे धड परत जावं एवढा एकच ध्यास त्यांनी घेतलाय. उन्हाळ्यात तू आलास तेव्हा मीच हौसेने तुला ते दाखवायला खाली नेलं. डोक्यावर घडा घेतलेली बाई, गुडघे टेकून दगडावर मका भरडणाऱ्या दोघी, भिंतीवर लाल मिरच्यांच्या माळा. तू डोळ्यांत पाणी आणून म्हणालास, ही तर आपली आजी! त्या पाण्याला भुलून बिचाऱ्या फ्राऊ लेन्झनी तुझ्या ड्रेस्डेनच्या मंडळाच्या गणपतीतल्या प्रदर्शनासाठी ते आठवडाभर दिलं.

पुढचं सगळं स्पृहाने पाठवलेल्या व्हिडिओत पाहिलं. तुझ्या बायकोला वाटलं असेल, नणंदेला अभिमान वाटेल. चित्राखाली पाटी, 'माण तालुक्यातील ग्रामजीवन'. आणि तू जरीचा कुर्ता घालून हातात छडी घेऊन उभा! मातीची सपाट छपरं दिसली की झाली धाब्याची घरं. बाहेर घुमटासारखी पाव भाजायची भट्टी आहे, तिला तू कणगी केलंस. गुडघ्यापर्यंतच्या, एक खांदा उघडा टाकणाऱ्या काळ्या वस्त्राला लुगडं म्हणालास. आजीने ऐकलं असतं तर उलथनं फेकून मारलं असतं. निळ्या मक्याच्या कणसांपाशी जरा अडखळलास, मग म्हणे चित्रकाराची कल्पनाशक्ती. अरे, तो मका निळाच असतो! आणि समोर तुझे ते सगळे सीनियर मॅनेजर 'गेनाऊ, गेनाऊ', अगदी बरोबर, म्हणत माना डोलावताहेत. एकालाही वाटलं नाही की जरा जवळ जाऊन बघावं. आपल्या लोकांची मला खरंच कीव येते. परक्या मुलखात राहून परकं काही बघायचंच नाही, जे दिसेल त्यावर आपलंच नाव लिहायचं आणि वर मोदक खायचे.

मी तुला झूनी म्हणून सांगितलं होतं, एकदा नव्हे, अनेकदा. तू म्हणालास, ताई, भावना महत्त्वाची. कसली भावना रे? आजी दळायला बसली की तू तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेला असायचास. जात्याचा खुंटा माझ्या हातात असायचा, तळव्याला आलेले फोड माझे. तुला आठवते ती जात्याची घरघर, कारण तिने तुला झोप यायची. आणि दळणाऱ्या बाईवर व्याख्यान देणार तू!

हेही मी गिळलं असतं. आजवर तुझं काय कमी गिळलंय? पण चित्राबरोबर तुझी चिठ्ठी निघाली. तयार फ्रेममध्ये बसत नव्हतं म्हणून खालची चार बोटं पट्टी कापली, तशीही कोरीच होती, कोपऱ्यात सही आणि काही डाग होते तेवढेच, आता कसं चकाचक दिसतंय. कपिल, तू चिप बनवण्याच्या कारखान्यात इंजिनिअर आहेस. केसाच्या हजाराव्या भागासाठी तिथे लोकांशी भांडतोस. आणि इथे फ्रेम चित्राच्या मापाची आणायची सोडून चित्र फ्रेमच्या मापाचं केलंस! तुला मूर्ख म्हणावं तर मूर्ख माणूस निदान विचारतो तरी. ह्यांनी चित्र पाहिलं आणि उठून गॅलरीत गेले.

फ्राऊ लेन्झना मी अजून काही दाखवलेलं नाही. त्या चित्रकाराची मुलगी येत्या शनिवारी चित्र न्यायला आखनला येतेय. तिची सत्तरी उलटली आहे. वडिलांनी ते चित्र काढलं तेव्हा ती सहा वर्षांची होती, आणि वडील उठून गेल्यावर तिने त्यांचाच कुंचला घेऊन खाली कोऱ्या जागेत आपला कुत्रा काढला. वडील रागावले नाहीत. त्यांनी कुत्र्याशेजारी आपली सही केली. परवा फोनवर तिने फ्राऊ लेन्झना पहिला प्रश्न विचारला तो हाच, की माझा कुत्रा आहे ना अजून? त्या हसून हो म्हणाल्या. ते तुझे डाग. तेव्हा हे पत्र मिळताक्षणी तळघरात जा, कागदाच्या कचऱ्याचा तो निळा डबा उलटा कर, शेजाऱ्यांचा कर, गुडघ्यांवर बसून ती पट्टी शोध. सापडली तर कुरिअर करू नकोस, हातात धरून गाडीने घेऊन ये. आणि नाही सापडली, तरी शनिवारी ये. तिचा कुत्रा कुठे गेला, हे तिच्यासमोर उभं राहून तू सांगायचंस. या वेळी दळण मी दळणार नाही.

काही झालं तरी, नाइलाजाने, तुझीच
शोभनाताई